घर बदलताय? जुईलाही सोबत न्या

पॅकर्सचा माणूस घरभर फिरून यादी करतो. फ्रीज, वॉशिंग मशीन, दोन कपाटं, पुस्तकांचे आठ खोके. मग तो अंगणात येतो, फाटकावर चढलेल्या तुमच्या जुईकडे एक नजर टाकतो आणि पुढे निघून जातो. यादीत तिचं नाव येत नाही. तुम्हीही काही बोलत नाही, कारण कुंड्या नेता येतात पण जमिनीत रुजलेली वेल काही नेता येत नाही, असं तुम्ही आधीच धरून चाललेले असता.

नेता येते. फक्त ती फ्रीजसारखी निघण्याच्या दिवशी उचलता येत नाही. तिची तयारी दीड-दोन महिने आधी सुरू करावी लागते. हे मी शिकले ते एक वेल मारून.

आमची बदली मे महिन्यात झाली, पुण्याहून इंदूरला. अंगणात सासूबाईंनी लावलेली सात वर्षांची जुई होती. सासूबाई आमच्यासोबतच येणार होत्या आणि त्यांचा एकच हट्ट होता, जुई न्यायची. निघण्याच्या दिवशी दुपारी बारा वाजता एका मजुराला पन्नास रुपये जास्त देऊन ती उपटून घेतली. मुळं उघडी पडली होती. ती ओल्या पोत्यात गुंडाळून ट्रकमध्ये गाद्यांवर ठेवली. इंदूरला पोचल्यावर लगेच लावली, भरपूर पाणी घातलं, वर मूठभर युरियाही टाकला. आठव्या दिवशी पानं हातात कुस्करली जायला लागली. सासूबाई मला काहीच बोलल्या नाहीत. पुढचा महिनाभर त्या रोज सकाळी त्या वाळक्या काड्यांना तांब्याभर पाणी घालत राहिल्या, ते मात्र बघवत नव्हतं.

त्या एका दुपारी मी जवळजवळ सगळ्याच चुका केल्या होत्या. महिना चुकीचा, वेळ चुकीची, छाटणी नाही, मुळांभोवती माती नाही आणि वर खताचा मारा. तुम्ही यातली एकही चूक करू नये म्हणून हे सविस्तर सांगते.

आधी वेल ओळखा

सुगंधी वेलींच्या नावांचा आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. आपण जिला जाई म्हणतो तिला हिंदी भागात चमेली म्हणतात. जुई तिथे जूही होते, आणि तमिळनाडूत तीच मुल्लै. त्यामुळे इंदूर, दिल्ली किंवा चेन्नईच्या नर्सरीत मराठी नाव सांगून वेल मागितली, तर हातात भलतंच रोप पडू शकतं. फुलं नसतील तेव्हा पानांवरून ओळखायला शिका.

जाईचं पान संयुक्त असतं, एका देठावर पाच-सात छोट्या पानांची जोडणी, आणि तिच्या कळीला बाहेरून गुलाबी छटा असते. जुईचं मुख्य पान एकच दिसतं, पण नीट बघा, त्याच्या देठाशी दोन बाजूंना कानासारखी दोन चिमुकली पानं असतात. शास्त्रज्ञांनी तिला ‘जास्मिनम ऑरिक्युलाटम’ हे नाव दिलं ते या कानांवरूनच. मोगऱ्याचं पान साधं, जाडसर आणि चकचकीत. कुंदाच्या पानांना आणि कोवळ्या फांद्यांना बारीक लव असते, त्याची फुलं थंडीत बहरतात आणि वास अगदी मंद असतो.

ही चारही भावंडं एकाच कुळातली आणि त्यांना हलवायची पद्धतही एकच. मधुमालतीचं तसं नाही. तिचा जाईजुईशी काही संबंध नाही. संध्याकाळी उमलताना तिचं फूल पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होतं, म्हणून एकाच घोसात तीन रंग दिसतात. रात्री पांढऱ्या फुलांवर पतंग येतात आणि दिवसा रंगीत फुलांवर मधमाश्या व पक्षी. मोठी झालेली मधुमालती खणून काढायच्या भानगडीत पडू नका. तिच्या मुळांतून आजूबाजूला फुटवे येतात. त्यातला हातभर उंचीचा फुटवा थोड्या मुळांसकट कापून घेतला की काम झालं. हातमोजे मात्र घाला, कारण पान गळल्यावर देठाचा उरलेला भाग काट्यासारखा टणक होतो आणि चांगलाच टोचतो.

कृष्णकमळही मुळासकट हलवण्यापेक्षा फांदीपासून नवं केलेलं बरं. रातराणी ही खरं तर वेल नव्हे, झुडूप आहे. ती फांदीपासून सहज येते, पण तिचे सगळे भाग विषारी असतात. घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं असेल तर तिला खिडकीच्या आत घेऊ नका.

सगळ्यात आधी विमा काढा

घर बदलायचं ठरलं, तारीख अजून नक्की नाही, अशा वेळी करायचं पहिलं काम म्हणजे दाब कलम. मूळ वेल हलवताना दगावली तरी तिचंच दुसरं रोप हाताशी असलं पाहिजे. जाई, जुई, मोगरा, कुंद या सगळ्यांना दाब कलम फार चांगलं मानवतं.

वेलीच्या बुडाजवळची, जमिनीपर्यंत वाकेल अशी एक लांब फांदी निवडा. ती फार कोवळी हिरवी नको आणि जुनी लाकडासारखीही नको, पेन्सिलीच्या जाडीची, तपकिरी व्हायला लागलेली हवी. टोकापासून फूट-दीड फुटावर एक पेर शोधा, म्हणजे जिथून पानांची जोडी निघते ती गाठ. त्या पेराच्या खालच्या बाजूला धारदार ब्लेडने तिरका छेद द्या. फांदीची निम्मी जाडी कापली जाईल इतकाच, आरपार नाही. छेद मिटू नये म्हणून त्यात आगपेटीच्या काडीचा तुकडा अडकवा. बाजारात मुळं फुटण्याची पावडर मिळते, ती चिमूटभर लावली तर उत्तम, नाही लावली तरी चालतं.

आता हा भाग शेजारी ठेवलेल्या कुंडीतल्या मातीत दोन-तीन इंच खोल दाबा आणि वर अर्धी वीट ठेवा. फांदीचं टोक मातीबाहेर, उभं राहू द्या, हवं तर काडीला बांधा. कुंडीत केलं की नंतर ते रोप मुळांना धक्का न लावता थेट उचलता येतं, म्हणून मी जमिनीपेक्षा कुंडीच पसंत करते. माती कधीही पूर्ण सुकू देऊ नका. पुढे तीन महिने, कधी चार, काही करायचं नाही. रोज वीट उचलून बघायचा मोह होईल, तोही आवरायचा. टोकाला नवी पालवी दिसू लागली आणि फांदी हळूच ओढल्यावर हाताला विरोध जाणवला, की आत मुळं फुटली आहेत. मग आईकडच्या बाजूने फांदी कापायची, पण रोप आणखी पंधरा दिवस तिथेच राहू द्यायचं.

तीन महिने हातात नसतील तर छाट कलम करा. सहा ते आठ इंचांचे, तीन-चार पेरं असलेले दहा-बारा तुकडे घ्या. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. खालची पानं काढून टाका, वरची दोनच ठेवा. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घेऊन त्यात तुकडे खोचा, वरून पारदर्शक पिशवी घाला आणि सावलीत ठेवा. पावसाळ्यात साधारण चार ते सहा आठवड्यांत त्यातले काही फुटतात. सगळे फुटत नाहीत, म्हणून तर दहा-बारा घ्यायचे. हाच ट्रे गाडीत मांडीवर ठेवून नेता येतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

कुठल्या गावात कुठला महिना

‘पावसाळ्यात लावा’ हा सल्ला महाराष्ट्रात ठीक आहे, पण आपण मराठी माणसं आता सगळ्या देशभर पसरलो आहोत आणि पाऊस सगळीकडे एकाच वेळी येत नाही.

मुंबई, कोकण, गोवा इथे जूनचा दुसरा पंधरवडा चांगला. जिथे पाणी साचतं तिथे मात्र मुसळधार पाऊस ओसरेपर्यंत, ऑगस्टअखेरपर्यंत थांबा. साचलेल्या पाण्यात कापलेली मुळं कुजतात. पुणे, नाशिक, नागपूर, इंदूर, बडोदा या पट्ट्यात जुलै-ऑगस्ट. बेळगाव-बंगळुरूला जून ते सप्टेंबर कधीही. चेन्नईला मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो, तेव्हा तिथे ऑक्टोबरची सुरुवात योग्य. दिल्ली, ग्वाल्हेर, लखनौकडे दोन संधी मिळतात. थंडी सरल्यावर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, नाहीतर जुलै-ऑगस्ट. तिथल्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वेल जवळजवळ झोपलेली असते, नवी मुळं धरत नाही.

दोन शहरांतलं हवामान वेगळं असेल तर तुम्ही जिथे जाणार आहात तिथलं हवामान महत्त्वाचं माना. वेलीला पुढचे दोन महिने तिथेच काढायचे आहेत.

आणि बदली मे महिन्यातच झाली तर? शाळांच्या सुट्ट्यांमुळे बहुतेक घरं मे महिन्यातच हलतात, त्यामुळे ही अडचण मला एकटीला आली असं नाही. माझा सल्ला असा, की मे महिन्यात मोठी वेल हलवू नका. मागे राहणाऱ्या शेजाऱ्यांना, घरमालकांना किंवा नव्या भाडेकरूंना विनंती करा आणि जुलैमध्ये एक फेरी मारून तिला घेऊन या. तेही शक्य नसेल, इमारत पाडलीच जाणार असेल, तर पुढे सांगितलंय त्यापेक्षाही जास्त छाटणी करा, सूर्य मावळल्यावरच खणा आणि नव्या जागी महिनाभर पूर्ण सावली द्या. पुनर्विकासाला निघालेल्या कित्येक जुन्या सोसायट्यांत तळमजल्याच्या जाईजुई अशाच डेब्रिसखाली जातात. सोसायटीची तारीख कळली, की आपल्या वेलीचीही तारीख ठरवून टाका.

खणण्याआधीचे दीड महिने

वेलीची पसरलेली मुळं एका दिवसात तोडली तर तिला पाणी ओढायला काही उरत नाही. तीच मुळं टप्प्याटप्प्याने तोडली तर ती खोडाजवळ नवी बारीक मुळं फोडते, आणि खरं पाणी हीच बारीक मुळं शोषतात. म्हणून हलवण्याच्या साधारण सहा आठवडे आधी खोडाभोवती एक वर्तुळ आखा.

वर्तुळ किती मोठं? खोडाच्या जाडीच्या दहा ते बारा पट व्यास धरा. खोड बुडाशी तीन सेंटीमीटर जाड असेल तर वर्तुळाचा व्यास 30 ते 36 सेंटीमीटर, म्हणजे फूटभर किंवा थोडं जास्त. या वर्तुळाच्या निम्म्या भागावर धारदार फावडं सरळ खाली दाबून मुळं कापा. माती काढायची नाही, फक्त कापायचं आणि पाणी द्यायचं. तीन आठवड्यांनी उरलेला निम्मा भाग कापा. वेल जराशी मलूल होईल. होऊ द्या.

दुसऱ्या कापणीनंतर आठवड्याभराने छाटणी. हे करताना हात थरथरतो, कारण सात-आठ फूट चढलेली, हिरवीगार वेल तुम्ही दीड-दोन फुटांवर आणणार असता. पण मुळं निम्मी झाली आणि पानं तेवढीच राहिली, तर पानांतून उडणारं पाणी भरून काढायला मुळं पुरी पडत नाहीत. माझी पहिली वेल मुख्यतः यानेच गेली, मी एक पानही तोडलं नव्हतं. जाईजुईला छाटणीची भीती नाही, कारण त्यांना फुलं नव्या फुटीवरच येतात. तमिळनाडूत मोठ्या प्रमाणावर यांची शेती होते, तिथे दरवर्षी नियमाने छाटणी करतात. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरअखेर आणि जुई जानेवारीअखेर छाटतात. मोगऱ्याची झुडपं तर जमिनीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर आणली जातात आणि पुढच्या हंगामात फुलांनी भरतात. मग आपण का घाबरायचं?

जाळीत, ग्रिलमध्ये गुंतलेल्या फांद्या ओढून काढू नका. तिथेच कापा आणि वाळल्यावर सोडवा. छाटलेल्या फांद्यांतून वर सांगितलेली छाट कलमं करता येतात.

हलवण्याचा दिवस

आदल्या दिवशी आळ्यात भरपूर पाणी द्या. माती न चिकट, न भुसभुशीत, अशा वाफशावर असली म्हणजे मुळांना धरून राहते. काळ्या मातीत हे फार सांभाळावं लागतं. ती सुकली तर ढेकळं फुटून मुळं उघडी पडतात आणि फार ओली असली तर फावड्यालाच लपेटून येते.

नव्या घरातला खड्डा आधी खणून ठेवा. जुन्या घरातली वेल आधी काढायची आणि मग नव्या घरी कुदळ शोधत बसायचं, असं करू नका. खड्डा मातीच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच. खोडावर जुन्या मातीची जी रेघ दिसते, नव्या जागीही माती तिथपर्यंतच आली पाहिजे. बुंधा खोल गाडला तर कुजतो.

संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी खणा. मुळं कापलेल्या वर्तुळाच्या दोन बोटं बाहेरून चर खणत खाली जा, मग गोळ्याच्या तळाशी तिरकी पहार घालून तो मोकळा करा. एखादं जाड मूळ सरळ खाली गेलेलं असेल तर ते करवतीने स्वच्छ कापा, हिसडे देऊन तोडू नका. गोळ्याखाली गोणपाट सरकवा, वर घेऊन सुतळीने घट्ट बांधा. उचलताना गोळा धरून उचला, खोड धरून कधीच नाही. खोड धरलं की आतल्या आत मुळं तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. फूटभर व्यासाचा ओला गोळा चांगलाच जड असतो, दोन माणसं लागतात.

प्रवासात वाऱ्याचा मारा उन्हापेक्षाही वाईट. उघड्या टेम्पोत नेणार असाल तर वरून ओली चादर बांधा. लांबचा प्रवास असेल तर गोळा बादलीत बसवा आणि प्रत्येक थांब्यावर गोणपाटावर पाणी शिंपडा. बंद कारच्या डिकीत दिवसभर ठेवू नका, तिथे भट्टी होते.

पोचल्यावर, कितीही दमला असाल तरी, त्याच रात्री लावा. खोके दुसऱ्या दिवशी उघडले तरी चालतात. सुती गोणपाट किंवा ताग असेल तर तो बुंध्याजवळ सैल करून तसाच खड्ड्यात ठेवता येतो, मातीत कुजून जातो. प्लास्टिकचं पोतं असेल तर ते मात्र काढायलाच हवं. खड्ड्यातून निघालेल्या मातीत साधारण एक तृतीयांश जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरा, पायाने हलकेच दाबा आणि पाणी द्या. पाणी जिरून माती खचली की पुन्हा भर घाला.

नवं घर दहाव्या मजल्यावर असेल तर

मग मोठी वेल नेण्यापेक्षा दाब कलमाचं रोप न्या, असं मी स्पष्ट सांगेन. बाल्कनीत जाई-जुई छान होते, पण तिला किमान 14 ते 16 इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग लागते. खाली पाणी जायला भोकं हवीत आणि रोज पाच-सहा तास ऊन हवं. फक्त उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत वेल हिरवी राहील, वाढेलही, पण फुलं देणार नाही. तिथे तिला कोंडण्यापेक्षा गच्चीची परवानगी मागा.

दक्षिण किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत लोखंडी ग्रिल दुपारी इतकं तापतं, की कोवळे शेंडे पोळतात. ग्रिलला काथ्याची दोरी आडवी-उभी बांधून जाळी करा आणि वेल त्या दोरीवर चढवा. तिला सरळ वर जाऊ देऊ नका. शेंडे आडवे वळवून बांधले की प्रत्येक पेरातून बाजूची फूट येते, आणि जितक्या फुटी तितकी फुलं. सरळ चढवली तर सगळी फुलं वरच्या मजल्याच्या बाल्कनीत उमलतात. आमच्या इमारतीत यावरून एकदा चांगलंच बोलणं झालं आहे, वरच्या काकूंचं म्हणणं असं, की फुलं त्यांच्याकडे म्हणजे त्यांची.

नर्सरीतून नवं रोप आणणार असाल तर त्याची काळी पिशवी ओढून काढू नका, बाजूने ब्लेडने कापा. आतला लाल मातीचा गोळा बरेचदा विटेसारखा घट्ट असतो आणि मुळं त्याभोवती गोल गोल फिरलेली असतात. तो दहा मिनिटं पाण्यात ठेवून बाहेरची माती बोटांनी मोकळी करा. तसाच लावला तर कुंडीत घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने निघून जातं आणि रोप भर पाण्यात तहानलेलं राहतं.

पहिले चाळीस दिवस

आता सगळ्यात अवघड भाग, म्हणजे काही न करणं. नव्या जागी वेल उरलेली पानंही टाकते. पिवळी पडतात, गळतात, काड्या उरतात. याच वेळी घरातला प्रत्येक माणूस आणि शेजारचे दोघे काहीतरी सुचवतात. खत घाला. जागा बदला. पाणी वाढवा. यातलं काहीही करू नका.

वेल जिवंत आहे का हे बघायचं असेल तर खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर ती जिवंत आहे. वरचा भाग तपकिरी आणि कोरडा लागला तर थोडं खाली खरवडून बघा, बऱ्याचदा वरची काडी वाळलेली असते आणि बुंधा हिरवा असतो. हिरवं लागेल तिथपर्यंत वरचं कापून टाका.

पहिले दोन आठवडे हिरव्या शेडनेटची सावली द्या, शेडनेट नसेल तर जुनी सुती साडी दुपारच्या बाजूला बांधा. पाणी रोज ठरवून नाही, बोटाने वरची इंचभर माती कोरडी लागली तरच. बुंध्याभोवती पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसरा, पण खोडाला चिकटून नकोत. रासायनिक खत पहिला दीड महिना अजिबात नाही. कापलेल्या मुळांना ते सोसत नाही. नवी फूट चार-पाच इंच वाढली की मूठभर गांडूळखताने सुरुवात करा, नंतर महिन्यातून एकदा पुरेसं आहे.

नवी पालवी आली, पण पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर ती लोहाची कमतरता आहे. जिथे बोअरचं जड पाणी वापरतात तिथे हे नेहमी दिसतं. फेरस सल्फेट एका लिटरला पाच ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, महिन्याने पुन्हा. पानांखाली बारीक जाळी आणि धुळीसारखे लाल ठिपके दिसले तर लाल कोळी. कोरड्या हवेत तो येतोच, पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, आणि हटला नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब.

वेल दारात लावली, की एक प्रश्न हमखास येतो. सुगंधाने साप येतात का? साप फुलांच्या वासाने येत नाहीत. ते उंदीर, बेडूक, पाली यांच्यामागे येतात, आणि बुंध्याशी दाट गचपण, विटांचे ढीग, पडलेला पाला असला की त्यांना आडोसा मिळतो. बुडाचा फूट-दीड फूट भाग मोकळा आणि स्वच्छ ठेवा आणि वेल निर्धास्त लावा.

फुलांची घाई मात्र करू नका. हलवलेली वेल पहिल्या हंगामात मुळं धरण्यात गुंतलेली असते. चार-सहा कळ्या आल्या तरी पुष्कळ. दुसऱ्या वर्षी, नीट छाटणी करून, ती तुम्हाला खरी फुलं दाखवेल. तेव्हा गजऱ्यासाठी कळ्या संध्याकाळी उमलायच्या आधी, टपोऱ्या झालेल्या पण मिटलेल्या असतानाच काढा आणि ओल्या रुमालात ठेवा. डोक्यात माळल्यावर त्या उमलतात आणि रात्रभर वास देतात.

आमच्या जुईचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या वर्षी दिवाळीत पुण्याच्या शेजारच्या काकूंनी इंदूरला येणाऱ्या भाच्याबरोबर एक जुना डालडाचा डबा पाठवला. आम्ही निघालो तेव्हा वेलीची एक फांदी कुंपणाशी रचलेल्या विटांखाली अडकून तुटून राहिली होती. पावसात तिला मुळं फुटली आणि काकूंनी ती डब्यात लावली. सासूबाईंनी डबा हातात घेतला, पान उलटून देठाशी असलेले दोन कान बघितले आणि म्हणाल्या, ‘आपलीच आहे.’ ती आता गच्चीच्या कठड्यावर आडवी पसरली आहे. यंदा जुलैत मी तिची एक फांदी कुंडीत दाबून वर वीट ठेवली आहे, कारण डिसेंबरात लेक हैदराबादला नव्या घरी जायची आहे. तिची बाल्कनी पूर्वेची आहे, ऊन पाच तास मिळतं, हे मी आधीच फोनवर विचारून घेतलंय.